आठ दीडे बारा

मोटार उघडली तेव्हा साडेसात वाजले होते.
अक्कलकोट रोडला पहिल्या पाळीचे माग
नुकतेच खडखडायला लागलेले.
टेबलावर बारा व्होल्टची बॅटरी
आणि काट्याचा ॲमीटर,
काच एका कोपऱ्यात तडकलेली.

मैनोद्दीनचाचा म्हणाले,
ओम दाखवणारा मीटर आहे गं, मला ठाऊक आहे.
आज तो ठेव ड्रॉवरात.
दाब वाच, प्रवाह वाच,
रोध तू काढ.

पहिली कॉइल. काटा दीडवर.
मी मोबाइल काढला तर चाचांनी हातावर चापट मारली.
चौथीपर्यंतच शिकलेत, पण दीडकी, औटकी तोंडपाठ :
आठ दीडे बारा.
खडूने फरशीवर लिहिलं, आठ.
दुसरी कॉइल, तीही आठ.
तिसरीला काटा झटकन दोनवर गेला.
मला वाटलं, ही बरी,
हिच्यातनं जास्त वाहतंय.

चाचा हसले नाहीत.
"बारात दोन किती वेळा?"
सहा.
"मग वरचे दोन ओम गेले कुठं?"

आत गेले होते.
वेढ्याला वेढा टेकलेला, मधलं व्हार्निश करपलेलं,
तारेनं तारेतच जवळची वाट काढलेली.
अडवणं सुटलं होतं तिचं,
म्हणून जळत होती.

येमुल शेठ दारातूनच ओरडले,
सगळी नको भरू, तेवढी एकच भर,
टॉवेलचा माग उभा आहे माझा.

वेढे मी तेलुगूत मोजते. ओकटी, रेंडू, मूडू.
आई विड्या अशाच मोजते,
पंचवीसचा कट्टा, बोटं न थांबवता.
मध्ये कुणी काही विचारलं
तर आकडा तोंडात धरून नुसती मान हलवते.
आज मीही हलवली.
शेठ दोनदा विचारून गेले.

व्हार्निश लावलं, पत्र्यावर वाळत ठेवलं,
तीनला खाली आणलं.
तीच बॅटरी, बाराच व्होल्ट.
नव्या कॉइलला काटा दीडपर्यंत पोचेना.
एक पूर्णांक चार.
याचा पाढा चाचांकडेही नव्हता.
मोबाइलने सांगितलं :
आठ पूर्णांक सत्तावन्न.

माझ्या पोटात खड्डा पडला.
वेढे जास्त पडले. कुठेतरी मान हलवताना
आकडा सांडला असणार.
मी कटर उचलला.

"काय करलालीस?"
जास्तीचे सोडवते.
"मोजले होतेस ना?"
मोजले होते.
"मग आधी जुन्या दोघींना विचार."

पहिली : एक पूर्णांक चार.
दुसरी : एक पूर्णांक चार.
सकाळी ज्यांना आम्ही आठ म्हणालो
त्याच ह्या, कुणी हात न लावलेल्या.

चाचांनी माझा तळवा धरून लोखंडावर टेकवला.
मी ओढून घेतला.
"तापलं ना? आतलं तांबंही तापलंय.
तापलं की ते जास्त अडवतं.
चूक नाही बेटा ती. ऊन आहे."

कॅलेंडरवरचा थर्मामीटर : चव्वेचाळीस.
सकाळी सव्वीस होता, कुणी पाहिला होता?

कटर खाली ठेवला. हात थरथरत होता,
आता कशाने ते कळेना.

मोटारीला बांधायच्या पुठ्ठ्यावर लिहिलं :
तिन्ही कॉइल ८.५७ ओम, दुपारी तीन, ४४ अंश.
शेठ म्हणाले, ऊन कशाला लिहिलंस,
त्याचे पैसे लावणार का?

छोटा हत्तीत टाकून मोटार नेली.
रात्री मागाखाली ती आणखी तापेल,
आणखी अडवेल, तरी फिरत राहील,
आणि किती, ते कुणी विचारणार नाही.

चाचा नमाजला गेलेत.
मी ओलं फडकं घेऊन बसले आहे.
दोन आठ पुसले.
सहा अजून फरशीवर आहे.